अ‍ॅबोरिजिनल कलाकारांच्या छापील कापडाची पिशवी: कात्री लावायच्या आधी काय काय बघायचं?

प्रश्न – सुईदोरा

दोन कापडं समोर आहेत. कात्री लावण्याआधी जाणकारांना विचारून घ्यावं म्हणून हा धागा.

पहिलं कापड ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टिवी बेटांवरच्या आर्ट सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या कलाकारांच्या कलाकेंद्रात, हाताने स्क्रीनप्रिंट केलेलं लिनन आहे. १ मीटर, पन्ना १४० सेंमी. मळकट पांढऱ्या जमिनीवर काळ्या आणि गेरू रंगाच्या रेघा, पट्ट्यांची जिलामारा नक्षी. दुसरं कापड मध्य ऑस्ट्रेलियातल्या एका चित्रकर्तीच्या चित्रावरून, परवाना घेऊन कारखान्यात छापलेलं क्विल्टिंग कॉटन. १.५ मीटर, पन्ना ११२ सेंमी. दोन्हींच्या काठावर कलाकाराचं आणि नक्षीचं नाव छापलेलं आहे.

खांद्याला अडकवायच्या, तळ रुंद असलेल्या, अस्तराच्या पिशव्या शिवायच्या आहेत. काही घरात वापरायला, काही मेलबर्नच्या हस्तकला बाजारात विकायला. प्रश्न असे:

१. कापड आधी धुवावं का? छपाईला धक्का लागेल का?
२. एवढ्या कापडात किती पिशव्या बसतील? नक्षी वाया न घालवता कसं कापायचं?
३. फ्युजिंग (आतून इस्त्रीने चिकटवायचं कापड) कुठलं लावायचं, आणि इस्त्रीने रंग चिकटतो का?
४. अशा कापडाच्या पिशव्या विकायला चालतात का? लेबलवर काय लिहायचं?


उत्तर – उभाधागा

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नापुरतं लिहितो. तुमची दोन्ही कापडं दिसायला छापील असली तरी जात वेगळी आहे, त्यामुळे दोघांना एकच नियम लावू नका.

हाताने स्क्रीनप्रिंट केलेल्या कापडावर बहुतेक वेळा पाण्यात कालवलेला पिगमेंट रंग असतो. हा रंग धाग्यात मुरत नाही, बाइंडरच्या, म्हणजे त्यातल्या चिकट द्रव्याच्या, जोरावर धाग्याच्या अंगावर बसतो. बाइंडर पक्का होतो उष्णतेने: साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअसला काही मिनिटं. त्यामुळे नीट पक्की केलेली छपाई धुतल्याने जात नाही. जोराने घासल्याने मात्र विरते. कडांवर, घड्यांवर, तळाच्या कोपऱ्यावर ती आधी पांढुरकी होते, हे पिशवीच्या बाबतीत लक्षात ठेवायचं. कोपऱ्यावर छापील कापड न येऊ देणं हा त्यावरचा खरा उपाय.

धुण्याआधी एक चाचणी घ्या. पांढरी सुती चिंधी ओली करून पिळा, बोटाला गुंडाळा आणि काठाजवळच्या सगळ्यात गडद भागावर दहा वेळा घासा. मग तेच कोरड्या चिंधीने. कोरड्या चिंधीवर अगदी फिकट छटा आली तर चालेल. ओल्या चिंधीवर ठसठशीत डाग उतरला तर छपाई पुरेशी तापलेली नाही. अशा वेळी कापड पूर्ण कोरडं असताना उलट बाजूने, मध्ये सुती फडकं घालून, वाफ बंद ठेवून कॉटनच्या तापमानावर प्रत्येक भाग तीन-चार मिनिटं इस्त्री फिरवत तापवा आणि पुन्हा चाचणी घ्या.

आता धुणं. लिनन धुवायचंच. न धुतलेलं लिनन पहिल्या पाण्यात सहज ३ ते ५ टक्के आटतं. फ्युजिंग तेवढं आटत नाही. परिणाम असा की शिवलेली पिशवी पहिल्यांदा धुतली की पुढच्या बाजूवर फोड आल्यासारखे फुगे येतात, आणि ते इस्त्रीने बसत नाहीत. थंड किंवा ३० अंशांचं पाणी, सौम्य साबण, कापड उलटं करून, सैल. पिळायचं नाही, कारण ओलं असताना पीळ दिला की छपाईत पांढऱ्या भेगा दिसतात. ‘जास्त पांढरं करणारी’ डिटर्जंट पावडर टाळा. त्यातल्या उजाळकामुळे मळकट पांढरी जमीन निळसर दिसायला लागते आणि गेरूची ऊब जाते. सावलीत, आडव्या दांडीवर वाळवा. किंचित दमट असतानाच उलट बाजूने इस्त्री करा, म्हणजे उभा-आडवा धागा पुन्हा काटकोनात ओढून घेता येतो.

कारखान्यात छापलेलं क्विल्टिंग कॉटन कमी आटतं, पण आटतं. पहिल्या पाण्यात गडद लाल आणि काळ्यातून थोडा रंग सुटू शकतो. दोन्ही कापडं एकत्र धुऊ नका.

फ्युजिंगबद्दल: लिननला पातळ, विणीचं, सुती फ्युजिंग पुरतं. कागदासारखं न विणलेलं घेतलं तर पिशवी दुमडल्यावर त्याला मोड पडते आणि ती वरून दिसते. क्विल्टिंग कॉटन अंगाने पातळ असतं, त्याला मध्यम वजनाचं विणीचं फ्युजिंग आणि शिवाय आत पातळ कॅनव्हासचा थर लागतो. नाहीतर पिशवी उभी राहत नाही आणि आतल्या वस्तूंच्या कडा बाहेरून उमटतात.

इस्त्री नेहमी उलट बाजूने. फ्युजिंग चिकटवताना इस्त्री सरकवायची नाही: ठेवायची, १० ते १२ सेकंद दाबायची, उचलायची, अर्धी आधीच्या जागेवर येईल अशी पुढे ठेवायची. सुलट बाजू खाली असते तेव्हा टेबलावर स्वच्छ पांढरं सुती कापड अंथरा. तापलेला बाइंडर थोडा मऊ होतो. टेबलावरच्या जाडसर विणीचा ठसा त्यावर उमटतो आणि काळ्या भागात चकाकी येते. चिकटवल्यावर कापड तिथेच पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना उचललं की डिंक सुटतो, आणि धांदलीत सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच.


उत्तर – काठपदर

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा. आधी मापं, मग नक्षी.

तयार पिशवी: वरच्या तोंडाला सपाट ठेवल्यावर रुंदी ४२ सेंमी, उंची ३८, तळाची खोली १०. सगळीकडे १ सेंमी मार्जिन. एका पिशवीचं कापकाम असं:

छापील कापड: ४४ × ३० सेंमीचे २ तुकडे.
तळाचा कॅनव्हास, सुमारे ३४० ग्रॅमचा, एकरंगी: ४४ × १७ सेंमीचे २ तुकडे.
आतल्या तोंडाची पट्टी, त्याच कॅनव्हासची: ४३.५ × ८ सेंमीचे २.
अस्तर: ४३.५ × ३८.५ सेंमीचे २.
बंद: ३ सेंमी रुंद सुती पट्टा, ७४ सेंमीचे २.

हिशेब ताडून बघा. ३० आणि १७ जोडले की जोडाच्या टिपेत २ सेंमी जातात, राहिले ४५. वर-खाली १-१ मार्जिन गेलं, ४३. खोलीसाठी ५ तळात वळले, उंची उरली ३८. अस्तर आणि पट्टी जोडून ४४.५ होतात, म्हणजे बाहेरच्यापेक्षा अर्धा सेंमी कमी. हे मुद्दाम आहे. अस्तर नेमकं बाहेरच्याच मापाचं कापलं तर आत गोळा होतं आणि तळाशी पिशवीच्या पोटात लोंबतं.

छापील तुकडा ३२ सेंमी उंच ठेवला तर जास्त नक्षी दिसते, हे खरं. पण तुमच्या १ मीटरचा हिशेब बघा. धुतल्यावर १०० चे ९६ उरतात, आणि कड सरळ कापून घेताना अजून एखादा सेंमी जातो. ३२ चे एकाखाली एक तीन थर म्हणजे बरोब्बर ९६. तिसरा थर बसत नाही. ३० चे तीन थर ९० मध्ये बसतात. पन्ना धुऊन १३६ च्या आसपास येईल, न छापलेले काठ वजा जाता १३२ राहिला तर ४४ चे तीन तुकडे बसतात, तेही काटोकाट. तेवढा राहिला नाही तर तुकड्याची रुंदी ४३ करा आणि तळ, पट्टी, अस्तर सगळ्यांतून १ सेंमी कमी करा. कागदावर ९ तुकडे, म्हणजे ४ पिशव्या आणि एक तुकडा आतल्या खिशाला. क्विल्टिंग कॉटनमध्ये पन्न्यात दोनच तुकडे बसतात, १.५ मीटरमध्ये ४ थर, म्हणजे ८ तुकडे आणि ४ पिशव्या. बाजूला १८-१९ सेंमीची उभी पट्टी उरते, ती खिशांना.

हे झालं नुसतं बसवणं. लिननमधून खरंच चार काढाव्यात का, हे नक्षी बघून ठरवा. जिलामारा म्हणजे टिवी भाषेत नक्षी. पुकुमानी या अंत्यविधीत अंगावर आणि खांबांवर गेरू, पांढरी माती, कोळसा यांनी रंगवतात त्या रेघा-ठिपक्यांच्या परंपरेतून ती येते. तिच्यात बऱ्याचदा मोठे पट्टे असतात, आणि एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाताना लय बदलते. तो बदल तुकड्याच्या मधोमध आला तर पिशवी बोलते. टिपेवर आला तर नुसता रेघांचा गोंधळ दिसतो. म्हणून जाड पुठ्ठ्यात ४२ × २८ सेंमीची खिडकी कापा आणि ती कापडावर सरकवत बघा. मार्जिन वगळून जे दिसणार आहे तेवढंच खिडकीत दिसतं. आवडेल तिथे चार कोपरे खडूने खुणावा, सगळे तुकडे ठरल्यावरच कात्री घ्या. अशा निवडीने चार ऐवजी तीन पिशव्या निघतील. मला त्यात तोटा वाटत नाही. ज्या कलाकाराने ती लय बसवली तिचं काम दिसायला हवं, नाहीतर एकरंगी कापडच का घेऊ नये?

दिशा बघा. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या पश्चिम आर्नहेम लँडच्या कापडांवर मिमी या शिडशिडीत आत्म्यांच्या आकृत्या, मासे, बदकं, विणलेल्या डिली बॅगा असतात. काही नक्षींत सगळे एकाच दिशेला उभे असतात, काहींत उलटसुलट. एकाच दिशेची नक्षी असेल तर तळ अखंड ठेवून पुढचा-मागचा भाग एकाच लांब तुकड्यात कापू नका: मागच्या बाजूचे सगळे प्राणी डोक्यावर उभे दिसतील. वरच्या मापात तळाला टीप आहे ती याचसाठी.

आणि बाजूच्या ५-५ सेंमी पट्ट्या पिशवी भरल्यावर बगलेला वळतात, समोरून साधारण ३२ सेंमीच दिसतात. मुख्य आकृती मधल्या ३० मध्ये बसवा. प्राण्याचं डोकं टिपेत जाऊ देऊ नका.

काठ कापून फेकू नका! नाव छापलेला भाग ६-७ सेंमी रुंदीचा वेगळा काढा, कडा दुमडून आतल्या खिशावर शिवा. त्याहून चांगलं लेबल मिळणार नाही.


उत्तर – टाचणी

काठपदर यांनी बंदांना तयार पट्टा सुचवला ते योग्य. छापील कापडाचे बंद कुणी सुचवले तर ऐकू नका. त्याला ७४ × १२ सेंमीच्या दोन पट्ट्या लागतात, म्हणजे एका पिशवीला लागतं त्याच्या दोन-तृतीयांश छापील कापड जातं, चार घड्यांत नक्षीचे तुकडे होतात, आणि हाताच्या घामाने-घासण्याने छपाई सगळ्यात आधी तिथेच विरते.

एका गोष्टीत मतभेद: क्विल्टिंग कॉटन धुवायचं हे मान्य, पण धुतल्यावर त्याची खळ जाते आणि ते कापताना घसरतं. पाण्यात पातळ स्टार्च करून फवारा, उलट बाजूने इस्त्री करा, मग कापा. फ्युजिंग मात्र स्टार्चच्या आधी चिकटवा. स्टार्चवर डिंक नीट धरत नाही.


प्रश्न – सुईदोरा

फारच उपयोगी. मापं उतरवून घेतली. शिवायचा क्रम आणि मशीनची सेटिंग्ज कुणी सांगेल का? लिननच्या एका नमुना तुकड्यावर टीप उसवून बघितली तर काळ्या भागात सुईची भोकं तशीच राहिली, हाताने घासूनही भरली नाहीत.


उत्तर – बॉबिनकेस

भोकं भरणार नाहीत. साध्या लिननमध्ये सुई धागे बाजूला सारते आणि ते पुन्हा जवळ येतात. जाड छपाई असलेल्या जागी सुई रंगाचा पापुद्रा भोसकते, तो परत जुळत नाही. म्हणून या कापडावर तीन गोष्टी: टाचण्यांऐवजी क्लिपा, टाचणी लावायचीच तर मार्जिनच्या आत, आणि पहिलीच टीप शेवटची समजून मारायची. कच्चा टाकाही मार्जिनमध्येच.

सुई: छापील लिनन आणि फ्युजिंगच्या थराला ९०/१४, अणकुचीदार. बोथट सुईने छपाईचे कण उडतात आणि टिपेच्या बाजूला पांढऱ्या रेघा दिसतात, म्हणून दर दोन-तीन पिशव्यांनंतर सुई बदला. कॅनव्हास आणि बंदांच्या जोडाला १००/१६. दोरा पॉलिएस्टर, नुसता सुती दोरा बंदांच्या ताणाला पुरत नाही. जोडाची टीप २.५ मिमी, दाबटीप (सुलट बाजूने मारलेली, वरून दिसणारी टीप) ३ ते ३.५ मिमी. दाबटिपेला बारीक टाका ठेवला तर जवळजवळच्या भोकांमुळे छपाईला पोस्टाच्या तिकिटासारखी रांग पडते आणि ताण आला की तिथेच फाटते.

क्रम असा ठेवा.

फ्युजिंग लावलेला छापील तुकडा आणि तळाचा कॅनव्हास सुलट-सुलट ठेवून जोडा. मार्जिन कॅनव्हासच्या बाजूला वळवा, सुलट बाजूने कॅनव्हासवर, जोडापासून ३ मिमीवर दाबटीप. छापील कापडावर दाबटीप मारायची गरजच नाही. दोन्ही बाजू झाल्या की बगला आणि तळ शिवा. दोन्हीकडचे जोड एकमेकांवर नेमके यावेत म्हणून क्लिप आधी त्या जोडावर लावा, बाकीचं नंतर.

तळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून ५ × ५ सेंमीचे चौकोन कापायचे, कापलेल्या कडेपासून मोजून. टिपेपासून मोजू नका. कडेपासून ५ मोजले आणि सगळीकडे १ सेंमी मार्जिन धरलं की खोली बरोबर १० येते. टिपेपासून मोजले तर १२ होते आणि उंचीचा सगळा हिशेब हुकतो. कोपरा उघडून बगलेची टीप तळाच्या टिपेवर आणा, दोन्हींची मार्जिनं विरुद्ध दिशांना वळवा, आडवी टीप मारा, तिच्यावरच पुन्हा एकदा.

अस्तर: खिसा आधी लावा, मग तोंडाची पट्टी जोडा, मग बगला आणि तळ, पण तळाच्या मधोमध १५ सेंमी उघडं सोडा. ८-१० सेंमी सोडलं तर कॅनव्हासची पिशवी त्यातून उलटवताना छपाई चुरगळते आणि घड्यांवर भेगा पडतात. अस्तराचे कोपरे बाहेरच्या पिशवीसारखेच कापून शिवा.

बंद: बाहेरच्या पिशवीच्या सुलट बाजूला, बगलेच्या टिपेपासून बंदाची बाहेरची कड ११ सेंमीवर. पट्ट्याचं टोक वरच्या कडेच्या बाहेर ३ सेंमी ठेवा. बंदाला पीळ पडलेला नाही ना ते बघा. अस्तर सुलट-सुलट घालून तोंड शिवा, बंदांवरून पुढे-मागे तीन वेळा. उलटवल्यावर ती ३ सेंमीची टोकं आतल्या कॅनव्हासच्या पट्टीमागे जातात. वरची कड इस्त्रीने बसवा, कडेपासून ३ मिमी आणि अडीच सेंमी अशा दोन दाबटिपा गोल फिरवा. दुसरी टीप बंदाची टोकं पट्टीशी पकडते. चौकोनात फुली मारायचा मोह छापील कापडावर टाळा, या दोन टिपा आणि आतली कॅनव्हासची पट्टी मिळून वजन पेलतं. सगळा भार अस्तरावर आला असता तर ते सहा महिन्यांत तोंडाशी फाटलं असतं. पट्टीचं कापकाम वाचवू नका.

बंदाच्या जाडीवर मशीन चढताना टाके आखूड पडतात, कारण पाय मागे कलतो. दुमडलेला पुठ्ठा पायाच्या मागे ठेवून तो सपाट करा, आणि त्या चार-पाच टाक्यांना चाक हाताने फिरवा.

शेवटी अस्तराचं तोंड हाताने किंवा कडेला टीप मारून बंद.


उत्तर – गेरूमाती

चौथ्या प्रश्नाकडे अजून कुणी वळलं नाही, आणि विकायचं असेल तर तो पहिला आहे.

कापड विकत घेतलं म्हणजे कापड तुमचं झालं, नक्षी नाही. ऑस्ट्रेलियाच्या १९६८ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नक्षीचा हक्क कलाकाराकडे, आणि तिच्या निधनानंतर ७० वर्षं वारसांकडे राहतो. परवानगीने छापलेलं कापड कापून पिशवी शिवणं म्हणजे नक्षीची नवी प्रत काढणं नव्हे, त्यामुळे घरगुती वापराला अडचण नाही. पण त्या कापडाचा फोटो काढून दुसऱ्या कापडावर डिजिटल छपाई करणं, नक्षीतला एक मासा उचलून लोगो करणं, किंवा ती हाताने रंगवून ‘प्रेरित’ म्हणणं, या सगळ्याला परवाना लागतो. विक्रीच्या पिशव्यांसाठी आर्ट सेंटरला आधी लिहा: किती पिशव्या, कुठे विकणार, लेबलवर काय असेल, आणि जाहिरातीत कापडाचे फोटो वापरले तर चालतील का. फोटोत नक्षीची प्रत येतेच, म्हणून ते लेखी घ्या. काही सेंटरं कापड विकतानाच व्यावसायिक वापराच्या अटी सांगतात, त्या पावतीवर किंवा संकेतस्थळावर वाचा. परवान्याच्या क्विल्टिंग कॉटनला हेच विक्रेत्याला किंवा छापणाऱ्या कंपनीला विचारा.

कापडावरच्या नक्षीचा प्रश्न तिथल्या न्यायालयात खोलवर गेलेला आहे. आर्नहेम लँडचे चित्रकार जॉनी बुलुन बुलुन यांच्या पाणवठ्यावरच्या मॅगपाय गीझ पक्ष्यांच्या आणि कमळांच्या चित्रावरून परवानगीशिवाय कापड छापून आणलं गेलं होतं. १९९८ च्या निकालात फेडरल कोर्टाने म्हटलं की चित्रकाराचा कॉपीराइट त्याचाच, पण आपल्या गानलबिंगू कुळाचं विधीज्ञान जपण्याची त्याची कुळाशी बांधिलकीही आहे. एका नक्षीमागे एक व्यक्ती असते, आणि तिच्यामागे ती नक्षी वापरायचा अधिकार देणारं कुळ आणि भूमी असते. बाजारात उभं राहून पिशवी विकताना हे माहीत असायला हवं.

दुसरा धोका शब्दांचा. ‘अ‍ॅबोरिजिनल पिशवी’ असं लिहिलं की गिऱ्हाईक समजतं, ती अ‍ॅबोरिजिनल हातांनी शिवली आहे. ग्राहक कायद्यात अशी दिशाभूल बेकायदेशीर आहे. इंडोनेशियात बनवलेली बूमरँगं आणि डिजरिडू वाद्यं अ‍ॅबोरिजिनल लोकांनी बनवल्याचा आभास देऊन विकल्याबद्दल बिरुबी आर्ट या घाऊक कंपनीला २०१९ मध्ये फेडरल कोर्टाने २३ लाख डॉलर दंड ठोठावला. २०२२ च्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या सरकारी आयोगाच्या अहवालात अशा स्मरणवस्तूंपैकी निम्म्याहून जास्त माल अस्सल नसल्याचं नोंदलं आहे. खरं कापड वापरून शिवणाऱ्याने संदिग्ध शब्द लिहून त्या ढिगात जाऊन बसू नये.

लेबल सरळ लिहा, चार ओळी: नक्षी कुणाची आणि नक्षीचं नाव काय, छपाई कुठल्या आर्ट सेंटरची, कुठल्या गावची, पिशवी कुणी शिवली, कापड कशाचं. ‘डॉट प्रिंट’ सगळ्यांना लावू नका. ठिपक्यांची चित्रशैली पश्चिम वाळवंटातली, १९७१ पासून पापुन्या या तिथल्या वस्तीत कॅनव्हास-फळ्यांवर आली. आर्नहेम लँडची ओळख रार्क म्हणजे बारीक रेघांची जाळी, टिवींची जिलामारा. तुमच्या लिननवर ‘ठिपक्यांची नक्षी’ लिहिणं म्हणजे पैठणीला बांधणी म्हणणं.

कलाकाराचं निधन झालं असेल तर नाव छापण्याआधी आर्ट सेंटरला विचारा. कित्येक समाजांत काही काळ मृत व्यक्तीचं नाव घेत नाहीत, फोटोही दाखवत नाहीत. कुटुंबाने नाव वापरायला मुभा दिली आहे का ते सेंटरलाच माहीत असतं. नाव द्यायचं असेल तर त्याचं लेखन काठावर आहे तसंच, एक अक्षर न बदलता.


प्रश्न – सुईदोरा

गेरूमाती, लेबलचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. दोन छोटे प्रश्न. किंमत कशी धरायची? आणि पुढे रेशमी बाटिक किंवा पानांनी रंगवलेलं रेशीम मिळालं तर ह्याच मापाची पिशवी होईल का?


उत्तर – गेरूमाती

किंमत मीटरवर काढू नका, निघालेल्या पिशव्यांवर काढा. समजा लिनन ११० डॉलर मीटर पडलं. खिडकी फिरवून तीन पिशव्या निघाल्या तर एका पिशवीत छापील कापडच ३६-३७ डॉलरचं. त्यावर कॅनव्हास, अस्तर, पट्टा, फ्युजिंग आणि साधारण तीन तासांची शिवण. हा आकडा बाजारातल्या कारखानी पिशवीपेक्षा बराच वर जाणार, त्याला घाबरून चौथी पिशवी पिळून काढू नका. गिऱ्हाइकाला काठावरचं नाव दाखवा आणि नक्षी कुठली ते सांगा, फरक कळतो. टिवी डिझाइन्समध्ये १९६९ पासून छपाई चालू आहे, आधी लाकडी ठशांनी, पुढे स्क्रीनने. एवढ्या वर्षांचं काम त्या मीटरमध्ये आहे.

कापड डार्विनच्या ऑगस्टमधल्या अ‍ॅबोरिजिनल आर्ट फेअरमध्ये किंवा सेंटरकडून थेट घेतलंत तर पैसे कुठे जातात ते कळतं. दुकानातून घेताना दुकान इंडिजिनस आर्ट कोडचं, म्हणजे कलाकारांशी न्याय्य व्यवहाराच्या आचारसंहितेचं, सभासद आहे का एवढं विचारा.


उत्तर – उभाधागा

रेशमाला ही पिशवी नको. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या अर्नाबेलाला १९७१ पासून, आणि उत्तरेत युटोपियाला १९७७ पासून बाटिक झालं. प्रसिद्ध चित्रकर्ती एमिली कामे कङ्वारेये यांची सुरुवातही बाटिकमधूनच झाली. जुना तुकडा हाती लागला तर त्याला कात्री लावू नका, त्याची जागा चौकटीत. नवीन बाटिक असेल तर आधी फडक्याखाली कोमट इस्त्री लावून बघा, कागदावर तेलकट डाग उमटला तर मेण शिल्लक आहे. अशा जागी फ्युजिंग धरत नाही.

पानं, साली, लोखंडाचे गंजलेले तुकडे यांच्यासोबत उकळून रंगवलेलं रेशीम आणखी नाजूक. लोखंड आणि टॅनिनने आलेले करडे-काळे रंग आंबट पदार्थाने उडतात. लिंबाचा एक थेंब पडला तरी फिकट ठिपका राहतो. खांद्यावरच्या रोजच्या पिशवीत हे टिकणार नाही. त्याची २४ × १६ सेंमीची चपटी पाकीट-पिशवी करा: रेशमाच्या मागे फ्युजिंगऐवजी पातळ सुती मलमल हाताने टाचून, दोन्ही थर एक समजून शिवायचे, सुई ७०/१०, टाका २ मिमी, कडेपासून दीड सेंमी मार्जिन कारण रेशमाचे धागे टिपेतून सरकतात. धुवायचं नाही, वाफ मारायची नाही. लेबलवर तेही लिहा.


उत्तर – टाचणी

लिननच्या पिशवीच्या लेबलवरही निगा लिहायची राहिली सगळ्यांची: थंड पाण्यात हाताने, उलटी करून, न पिळता, सावलीत वाळवणे, इस्त्री उलट बाजूने. पिशवी उलटी करून तळाचे कोपरे बाहेर काढले तरच अस्तर पूर्ण वाळतं, नाहीतर कॅनव्हासच्या जोडात ओल राहून वास धरतो.

आणि उरलेले तुकडे ५ सेंमीपेक्षा मोठे असतील तर पिशवीसोबतच ठेवा. बंदाशी फाटलं की ठिगळाला तेच कापड लागतं, आणि हातछपाईची दुसरी खेप रंगाने तंतोतंत जुळत नाही.